सायकलची मात्रा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पवन मावळातील एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. वय बावन्न, अंगाने सडपातळ, शेती आणि दुधाचा जोडधंदा. पायाची जखम भरत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. रक्त तपासले तर उपाशीपोटी साखर १९० निघाली. रक्तदाब १५०/९६ होता. मी गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद करायला सांगितले आणि आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी म्हणतो तसे उठता उठता म्हणालो, "आणि रोज व्यायाम करा."

गृहस्थ आज्ञाधारक. व्यायाम म्हटल्यावर त्यांना सायकल आठवली, कारण तरुणपणी बारा-पंधरा वर्षे त्यांनी सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून कामशेत स्टेशन गाठले होते. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला लागली ती कायमची. आता त्यांनी मुलाची गिअरची सायकल काढली. तीन दिवस गावातल्या गावात फिरवली आणि चौथ्या दिवशी सकाळी पवनानगरहून जुन्या सवयीने कामशेतच्या दिशेने निघाले. मधल्या चढावर छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले, दरदरून घाम फुटला. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. भाजीच्या टेम्पोवाल्याने त्यांना उचलून माझ्याकडे आणले. ई.सी.जी.मध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. प्राथमिक औषधे देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवले, त्याच दुपारी अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले.

दीड-दोन महिन्यांनी भेटायला आले तेव्हा सहज म्हणाले, "डॉक्टर, गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून दिलंत. व्यायाम किती करायचा ते काही लिहिलं नव्हतं." बोलता बोलता कळले की त्याआधीचे दोन महिने त्यांना बांधावरून वर येताना दम लागत होता. मी तसे विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

त्यांचे म्हणणे मला पटले. व्यायाम हेही औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. त्या दिवशी राहून गेलेली चिठ्ठी आज या सदरातून लिहीत आहे.

मावळ आणि सायकल

सायकलिंगसाठी मावळासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत जाणारी इथली खोरी पाहा. इंद्रायणीच्या बाजूचे नाणे मावळ, पवनेचे पवन मावळ आणि आंद्रेचे आंदर मावळ. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे आणि खाचरांच्या कडेने गावे जोडणारे अरुंद डांबरी रस्ते. सकाळी सात वाजता कामशेतहून नाणे, करंजगाव, गोवित्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा पवनेच्या काठाने येळसे, शिवली या बाजूला सायकल काढली तर शाळेची मुले, दूधवाले आणि एखादी एस.टी. याखेरीज फारसे कोणी भेटत नाही.

या मुलखाचा एक साधा नियम आहे. खोऱ्याच्या लांबीने, म्हणजे नदीच्या सोबतीने गेलात, तर रस्ता सौम्य असतो. खोरे आडवे ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जायला निघालात किंवा किल्ल्याची वाट धरलीत, की चढ लागतो. मळवलीहून भाजे गावापर्यंत जाणे वेगळे आणि तिथून लोहगडाच्या बाजूला चढणे वेगळे. माझ्या रुग्णाची चूक नेमकी इथे झाली. ते सायकलवर बसले यात चूक नव्हती. चौथ्याच दिवशी ते खोरे ओलांडायला निघाले, ही चूक होती. म्हणून नवशिक्यांसाठी पहिला नियम पाठ करून ठेवावा: नदीच्या लांबीने जा, डोंगराला आडवे जाऊ नका.

सडपातळ माणसालाही मधुमेह

"मी तर बारीक आहे, मला कशाला साखर होईल?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी साधारण ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत अनेक वर्षे अभ्यास करून दाखवून दिले की भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे प्रमाण कमी असते. म्हणून वजनकाट्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. कमरेचा घेर पाहावा. पुरुषांत तो ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर सावध व्हावे.

आपल्याकडे एका पिढीत फार मोठा बदल झाला. पूर्वी दूध घालायला, कंपनीत पाळीला, शाळेला आणि बाजाराला सायकलच असे. आता बांधावर पाणी पाहायलाही मोटारसायकल लागते. ताटातला इंद्रायणी तांदळाचा भात मात्र तेवढाच राहिला. पायांचे काम गेले आणि साखर रक्तात साचू लागली, असे थोडक्यात म्हणता येईल.

सायकलने शरीरात काय होते?

मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू हे शरीरातील सर्वांत मोठे स्नायू. सायकल चालवताना तेच काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो आणि यासाठी त्याला इन्शुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. व्यायाम संपल्यावरही हा परिणाम काही तास, पुष्कळदा एक दिवसापर्यंत टिकतो. म्हणूनच व्यायामात दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नये.

हृदय हाही स्नायूच आहे. नियमित सरावाने ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी सावकाश होते. रक्तवाहिन्या लवचीक राहतात आणि रक्तदाब काही अंकांनी उतरतो. गोळ्या बंद कराव्यात इतका तो बहुधा उतरत नाही, पण गोळ्यांचे काम सोपे करतो.

शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध प्रथम ठळकपणे दाखवला तो लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. अलीकडे, २०१७ साली, ग्लासगोच्या संशोधकांनी ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची माहिती तपासली. कामावर सायकलने जाणाऱ्यांत पुढील पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सायकलने जाणारी माणसे मुळातच थोडी निरोगी असतात, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. तरीही फरक लहान नाही.

गुडघेदुखी असणाऱ्यांना सायकल चालण्यापेक्षा सोसवते. चालताना शरीराचा भार गुडघ्यांवर येतो, सायकलवर तो बराचसा सीटवर असतो. गुडघ्याची झीज सुरू झालेल्या कित्येकांना सपाट रस्त्यावरची सायकल सुखाची वाटते. मात्र सायकलने हाडांवर भार पडत नाही, म्हणून हाडे मजबूत होण्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांनी सायकलबरोबर रोज थोडे चालणेही ठेवावे.

आधी तपासणी कोणी करावी?

वय चाळीसच्या आत, कोणताही आजार नाही आणि चालताना त्रास होत नाही, अशा व्यक्तीने हळूहळू सुरुवात करायला हरकत नाही. पुढील व्यक्तींनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावे: मधुमेह किंवा रक्तदाब असणारे, तंबाखू किंवा विडी-सिगारेटचे व्यसन असणारे, वडील किंवा भाऊ यांना कमी वयात हृदयविकार झालेला आहे असे, आणि अनेक वर्षे व्यायाम सुटलेले पन्नाशीच्या पुढचे सर्वजण.

सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे एक प्रश्न. सहा महिन्यांपूर्वी जे काम सहज होत होते, ते करताना आता दम लागतो का, छातीत दाटते का, जबडा किंवा डावा हात दुखतो का? उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, स्वतःहून सांगा. मधुमेह असणाऱ्यांत हृदयाचे दुखणे छातीत न जाणवता नुसता दम किंवा थकवा म्हणून दिसू शकते. विश्रांतीच्या वेळी काढलेला ई.सी.जी. चांगला आला म्हणजे हृदय निर्दोष आहे असे नाही. त्रास असेल तर पळपट्ट्यावरची तपासणी म्हणजे स्ट्रेस टेस्ट किंवा इतर तपासण्या लागतात. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल तर तो आधी आटोक्यात आणावा, मग सायकल काढावी.

चढ एवढा वेगळा का?

सपाटीवर सायकल चालते तेव्हा आपण फक्त हवेशी आणि टायरच्या घर्षणाशी झगडतो. चढावर स्वतःचे आणि सायकलचे वजन उचलावे लागते. माणूस ७० किलोचा आणि सायकल १५ किलोची धरा. ताशी १० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जायला साधारण २५ वॅट शक्ती लागते. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ त्याच वेगाने चढायचा झाला, तर ती १६० वॅटच्या पुढे जाते, म्हणजे सहापटींहून अधिक. सराव नसलेल्या पन्नाशीच्या माणसासाठी ही जवळजवळ कमाल ताकद आहे. हृदयाच्या धमनीत अडथळा असेल तर तो अशा वेळी उघडा पडतो. आणि डोळ्यांना साधारण दिसणारा चढही पायांना सहा टक्क्यांचा असू शकतो.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पूर्ण करून आले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. शर्यत वेगळी आणि आरोग्यासाठीचा व्यायाम वेगळा. चढ आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. यात कमीपणा कसला?

मात्रा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम कसा ओळखायचा? शेजारी चालवणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. घड्याळापेक्षा आणि मोबाइलवरच्या आकड्यांपेक्षा ही कसोटी भरवशाची आहे. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी नाडी मोजण्यापेक्षा बोलण्याचीच कसोटी वापरावी.

पहिले दोन आठवडे १० ते १५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, सपाट रस्त्यावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २० मिनिटे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात २५ मिनिटे आणि पुढे ३० ते ४० मिनिटे. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश चालवावी. एकदम थांबून उभे राहिल्यास रक्त पायांत उतरते आणि चक्कर येऊ शकते. दोन महिने असे बिनत्रासाचे गेले तर छोट्या चढाचा विचार करावा आणि आजार असणाऱ्यांनी तोही डॉक्टरांना विचारून. गिअर असतील तर हलका गिअर लावून पायडल भरभर फिरवावे. जड गिअरमध्ये रेटा देत चालवल्याने गुडघे दुखतात.

लांब जाताना परतीचे अंतर विसरू नये. आपल्या खोऱ्यांचा उतार पूर्वेकडे आहे. वडगावच्या दिशेने जाताना सायकल आपोआप पळते आणि परतताना दमछाक होते. म्हणून सुरुवातीला पश्चिमेकडे जावे, दमल्यावर घरी येताना उतार मिळेल.

सायकल अंगाला बसली पाहिजे

सायकलमुळे होणाऱ्या दुखण्यांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीच्या उंचीची सीट. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. अशा वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागच्या बाजूला. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरायला शिकावे.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर हँडलवर भार जास्त पडतो आहे असे समजावे. हातांची जागा बदलत राहावी, कोपर थोडे वाकवून ठेवावे. पुष्कळ पुरुष संकोचत विचारतात की सायकलने पुरुषत्वावर परिणाम होतो का. अर्ध्या तासाच्या सायकलने तसे होत नाही. मात्र बसण्याच्या जागी किंवा लिंगाला बधिरपणा येऊ लागला तर सीट पुढच्या बाजूने वर उचललेली आहे का ते पाहावे, ती सपाट करावी आणि अधूनमधून पायडलवर उभे राहावे. बधिरपणा तरीही राहिला तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मुलींना सायकलने गर्भाशयाचा त्रास होतो हा जुना समज निराधार आहे. पाळीच्या दिवसांतही सोसवेल तेवढी चालवायला हरकत नाही.

निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक आणि टायरमधली हवा तपासावी. आपल्या रस्त्यांवर ब्रेकचे रबर झिजलेले असणे म्हणजे उतारावर संकट.

मधुमेहींसाठी वेगळे चार शब्द

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. अशांनी उपाशीपोटी सायकल काढू नये. निघताना साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडे खावे. ३०० च्या पुढे असेल तर त्या दिवशी सायकल नको, डॉक्टरांना भेटावे. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर ठेवावी. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे. ताबडतोब थांबून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. सायकल सुरू केल्यावर औषधाची मात्रा कमी करावी लागू शकते, पण ती स्वतःच्या मनाने करू नये.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली असावी. पडद्यात रक्तस्राव झालेला असेल तर जोराचा व्यायाम टाळावा लागतो. पायांना बधिरपणा असेल तर चपलेऐवजी बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहावेत.

रस्ता आणि ऋतू

मावळातले रस्ते बुधवारी आणि रविवारी सारखे नसतात. शनिवार-रविवारी लोणावळा, कार्ला, भाजे, पवना धरण या बाजूंना पर्यटकांच्या मोटारी लागतात. हे दोन दिवस पहाटे लवकर निघून आठच्या आत परतावे किंवा विश्रांती घ्यावी. कान्हे फाट्याहून टाकव्यापर्यंत कंपन्यांची अवजड वाहने असतात, पुढे वडेश्वरच्या बाजूला रस्ता शांत होतो. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग व्यायामाची जागा नाही. तो फक्त ओलांडावा, तोही उतरून.

पावसाळ्यात लोणावळ्याला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झाडाखालच्या रस्त्यांवर शेवाळ धरते, खड्डे पाण्याने भरून दिसेनासे होतात. लहान पुलावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसले तरी सायकल घालू नये. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीत कोसळून चौघांचे प्राण गेले, हे आपण विसरता कामा नये. पडून खरचटल्यास जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, धनुर्वाताची सुई घ्यावी. खाचराच्या चिखलात जखम भिजली आणि काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन लगेच डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी घरी यावे आणि सोबत पाण्याची बाटली असावी. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांनी धुराच्या बाजूला जाऊ नये. थंडीत पहाटे खोऱ्यात धुके साचते. धुके उठल्यावरच निघावे. दम्याच्या रुग्णांनी नाक-तोंडावर रुमाल बांधावा आणि पंप खिशात ठेवावा.

डोक्यावर हेल्मेट हवेच. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१६ साली निघालेल्या निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो. अंगात फिक्या रंगाचे कपडे आणि मागे लाल दिवा असावा. सायकल डाव्या बाजूनेच चालवावी. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नये, उतरून सायकल मध्ये धरावी. चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करावी.

थांबा म्हणजे थांबा

छातीत दाब किंवा जळजळ, जबड्यात, खांद्यात किंवा हातात दुखणे, नेहमीपेक्षा वेगळा दम, थंड घाम, चक्कर, छातीत अनियमित धडधड यांपैकी काहीही झाले तर जागेवर थांबावे. 'घरापर्यंत जाऊ, मग बघू' असे म्हणू नये. सावलीत बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः सायकल किंवा मोटारसायकल चालवत दवाखान्यात येऊ नये. त्रास पाच मिनिटांत थांबला तरी त्याच दिवशी ई.सी.जी. काढावा. डोंगराच्या कुशीत काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून कोणत्या वाटेने जात आहात आणि किती वाजता परताल हे घरी सांगून निघावे. शक्यतो सोबती असावा. बोलण्याची कसोटीही मग आपोआप होते.

चिठ्ठी

तर ही ती राहून गेलेली चिठ्ठी. औषध: सायकल. मात्रा: सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे, दोन महिन्यांत अर्धा तास. वेळा: आठवड्यातून पाच दिवस. पथ्य: पोटात थोडे अन्न, डोक्यावर हेल्मेट, तोंडी बोलणे चालू राहील एवढाच वेग. कुपथ्य: चढ, अंधार, रविवारची गर्दी आणि छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष.

ते गृहस्थ आता पुन्हा सायकल चालवतात. अँजिओप्लास्टीनंतर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने आधी चालणे, मग सपाटीवरची सायकल अशी त्यांनी पायरीपायरीने सुरुवात केली. गोळ्या चालूच आहेत आणि त्या बंद करण्याचा विषय ते काढत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांची उपाशीपोटी साखर ११८ आणि रक्तदाब १२८/८० होता. सकाळी ते नदीच्या कडेने जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात. कामशेतला जायचे असेल तर एस.टी.ने जातात. मीही आता व्यायाम सांगताना चिठ्ठीवर किती मिनिटे ते लिहितो आणि त्याआधी दमाबद्दल विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही सांगा.